वर्डमधला फ्लोचार्ट मूळ फाइलबरोबर बदलता कसा ठेवायचा?

प्रश्न थोडक्यात असा: भोसरीतल्या एका कारखान्याच्या क्वालिटी विभागात पन्नासएक एसओपी, म्हणजे कार्यपद्धतीची कागदपत्रं, वर्डमध्ये आहेत. आलेल्या मालाच्या तपासणीचा फ्लोचार्ट त्यांतल्या सहा-सात फाइलींत आहे. प्रक्रियेत एखादी पायरी बदलली की प्रत्येक फाइल उघडून जुनं चित्र काढायचं आणि नवं चिकटवायचं. एखादी फाइल राहून जाते आणि ऑडिटला नेमकी तीच उघडली जाते. फ्लोचार्ट एकाच जागी बदलला आणि सगळीकडे आपोआप उमटला, असं करता येईल का?

येईल. मी कारखान्यांच्या कार्यपद्धतीची कागदपत्रं बांधून देण्याच्या कामात बरीच वर्षं आहे आणि हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक ठिकाणी निघतो. पण आधी एक गोष्ट ठरवून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. चित्र आपोआप बदलायला हवं ते कुणाच्या कॉम्प्युटरवर? तुमच्या की वाचणाऱ्याच्या? माझं ठाम मत आहे की बदल फक्त तुमच्याकडच्या कामाच्या प्रतीत उमटावा. शॉप फ्लोअरवर लागणारी आणि ऑडिटरच्या हातात जाणारी प्रत गोठलेलीच हवी. आयएसओ ९००१:२०१५ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाचं कलम ७.५ कागदपत्रांतल्या बदलांवर नियंत्रण मागतं. तिसरी आवृत्ती म्हणून सही झालेल्या एसओपीतलं चित्र पुढच्या आठवड्यात कुणाच्याही सहीशिवाय बदललं, तर त्या सहीला अर्थ उरत नाही. म्हणून खाली जे सांगतोय ते सगळं कामाच्या प्रतीसाठी आहे. गोठवायचं कसं, तेही शेवटाकडे सांगतो.

चित्र वर्डमध्ये दोन तऱ्हांनी बसतं. एम्बेड केलं की मूळ चित्राची एक प्रत वर्डच्या पोटात जाते. त्यावर डबल क्लिक करून ते बदलता येतं, पण तो बदल त्या एकाच फाइलपुरता राहतो. बरेच जण व्हिजिओचं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या आकृत्या काढायच्या प्रोग्रॅमचं, चित्र असं चिकटवतात, डबल क्लिकला व्हिजिओ उघडतो म्हणून मूळ फाइलशी नातं आहे असं समजतात, आणि मग ते बदलत का नाही म्हणून विचारतात. नातं हवं असेल तर दुसरी तऱ्हा, म्हणजे मूळ फाइलकडे बोट दाखवणारी लिंकच करावी लागते.

व्हिजिओ वापरत असाल तर लिंक अशी करा. चित्र आधी सेव्ह करा. मग पानावर काहीही सिलेक्ट केलेलं नसताना कंट्रोल-सी दाबा. आकार सिलेक्ट करून कॉपी केलेत तर वर्डमध्ये लिंकचा पर्याय मिळत नाही, आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते. वर्डमध्ये पेस्ट स्पेशल उघडून पेस्ट लिंक निवडा. ऑल्ट आणि एफ-९ एकत्र दाबलंत की चित्राच्या जागी महिरपी कंसात एक ओळ दिसेल: लिंक हा शब्द, व्हिजिओचं नाव, फाइलचा पूर्ण पाथ (फाइल कुठे आहे त्याचा पत्ता) आणि शेवटी काही स्विच, म्हणजे उलट्या तिरप्या रेघेनंतर येणारी सूचनेची अक्षरं. त्यातला ए हा स्विच असेल तर लिंक आपोआप ताजी होणारी आहे. नसेल तर ती हाताने ताजी करावी लागते. एका व्हिजिओ फाइलमध्ये एकच पान ठेवा. अनेक पानं असली की वर्डमध्ये कोणतं पान दिसेल यावर तुमचा ताबा राहत नाही.

आता 'आपोआप' म्हणजे वर्ड नेमकं काय करतो ते बघा. फाइल उघडताना तो विचारतो की या डॉक्युमेंटमध्ये बाहेरच्या फाइलींच्या लिंक आहेत, ताज्या करू का? समोरच्याने 'नो' दाबलं की जुनंच चित्र राहतं. फाइल मेलवरून आली असेल तर ती प्रोटेक्टेड व्ह्यूमध्ये उघडते आणि एडिटिंग चालू करेपर्यंत काहीच ताजं होत नाही. वर्डच्या ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्डखाली, उघडताना लिंक ताज्या करायच्या की नाही याची एक खूण आहे. डिस्प्लेखाली, छापण्याआधी लिंक केलेली माहिती ताजी करण्याची दुसरी. दोन्ही खुणा प्रत्येक कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये असतात, डॉक्युमेंटबरोबर प्रवास करत नाहीत. वाचणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर विसंबू नका असं वर म्हटलं त्याचं हे व्यवहारातलं कारण आहे. ब्राउझरमधल्या वर्डमध्ये तर या लिंक ताज्या होतच नाहीत, त्यासाठी डेस्कटॉपवरचाच वर्ड लागतो.

जुन्या उत्तरांत तुम्हाला डीडीई, म्हणजे एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात माहिती नेण्याची जुनी सोय, वापरण्याचा सल्लाही सापडेल. तो सोडून द्या. त्या वाटेने व्हायरस शिरायला लागल्यावर मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०१७ च्या अपडेटपासून वर्डमधलं डीडीई बंद करून टाकलं.

मी स्वतः मात्र व्हिजिओची थेट लिंक टाळतो. कारण साधं आहे. वर्डला ती ताजी करताना व्हिजिओ लागतो, आणि तो सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर नसतो. त्यापेक्षा फ्लोचार्ट चित्राच्या फाइलमध्ये, म्हणजे पीएनजीमध्ये, एका ठरलेल्या फोल्डरात ठरलेल्या नावाने साठवायचा आणि वर्डमध्ये त्या फाइलकडे बोट दाखवणारं फील्ड, म्हणजे वर्ड स्वतः भरतो अशी जागा, घालायचं. फील्डचं नाव इन्क्लूडपिक्चर. इन्सर्ट, क्विक पार्ट्स, फील्ड या मार्गाने ते मिळतं. तिथे चित्राची माहिती डॉक्युमेंटमध्ये साठवू नये असा एक पर्याय आहे, म्हणजे डी हा स्विच. तो घेऊ नका. घेतलात तर फाइल हलकी होते, पण ती व्हेंडरला पाठवली की त्याच्याकडे चित्राच्या जागी लाल फुली दिसते. इन्सर्ट पिक्चरमधल्या 'इन्सर्ट अँड लिंक'नेही हेच काम होतं, पण तसं घातलेलं चित्र ऑल्ट-एफ-९ ने फील्ड म्हणून दिसत नाही, फक्त फाइल मेनूतल्या लिंकच्या यादीत दिसतं. सहा-सात फाइलींचा कारभार बघायचा असेल तर डोळ्यांना दिसणारं फील्ड बरं.

हे फील्ड ताजं करण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे कंट्रोल-ए आणि मग एफ-९. पण कंट्रोल-ए फक्त मुख्य मजकूर धरतो. हेडर, फूटर आणि टेक्स्ट बॉक्समधली फील्ड त्यात येत नाहीत. फ्लोचार्ट टेक्स्ट बॉक्समध्ये ठेवण्याची सवय असेल तर ती मोडा. चित्र ओळीतच ठेवा, म्हणजे रॅपिंगमध्ये 'इन लाइन विथ टेक्स्ट', आणि जागा पक्की हवी असेल तर एका खणाच्या टेबलात बसवा. मॅक्रो लिहून सगळ्या फाइलींतली फील्ड एकदम ताजी करणार असाल, तर मॅक्रोलाही मुख्य मजकुराबरोबर हेडर-फूटर वेगळे फिरायला सांगावे लागतात. नाहीतर आवृत्तीचा क्रमांक हेडरमध्ये जुना आणि चित्र नवं, अशी फाइल बाहेर पडते.

आकाराचा त्रास इथे हमखास होतो. प्रक्रियेत दोन पायऱ्या वाढल्या, चित्र उंच झालं, पण वर्डने जुनी चौकट धरून ठेवली तर अक्षरं दाबली जातात. चौकट सोडून दिली तर चित्र पानाबाहेर जातं. यावर उपाय एकच: मूळ चित्राचं माप कायमचं ठरवून टाका. ए-४ पान २१० मिलिमीटर रुंद असतं. दोन्ही बाजूंना वर्डचा नेहमीचा २५.४ मिलिमीटरचा समास सोडला की १५९ मिलिमीटर उरतात. ३०० डीपीआयला ते साधारण १८८० पिक्सेल होतात. म्हणून पीएनजी १८८० पिक्सेल रुंद आणि उंचीही ठरलेली, आणि त्याभोवती एक बारीक फिकी चौकट. आतली पायरी वाढो की कमी होवो, बाहेरची चौकट तेवढीच राहते आणि वर्डला गोंधळायला जागा उरत नाही. बरोबरच वर्डच्या ऑप्शन्समध्ये चित्र दाबून लहान करू नये अशी खूण करा. ती नसेल तर बऱ्याच कॉम्प्युटरवर सेव्ह करताना चित्र २२० पीपीआयवर आणलं जातं आणि बाणांवरची बारीक अक्षरं धूसर होतात.

आता चित्र तयार कुठून करायचं? या कामातला माझा सगळ्यात आवडता भाग हा आहे. चौकोन ओढून-ताणून बसवण्यापेक्षा प्रक्रिया एका तक्त्यात लिहा आणि चित्र तक्त्यातून काढून घ्या. एक्सेलमध्ये पाच स्तंभ पुरतात: पायरीचा क्रमांक, वर्णन, पुढची पायरी, बाणावरचा शब्द आणि आकार. क्रमांक १००, २००, ३०० असे द्या, म्हणजे मध्ये पायरी घालायची झाली तर २५० देता येतो आणि बाकीच्यांना हात लावावा लागत नाही. समजा ३०० वर 'नमुना तपासा' आहे. त्याच्या पुढच्या पायऱ्या ४०० आणि ५००, बाणांवरचे शब्द 'पास' आणि 'नापास'. उद्या नापास मालासाठी डेव्हिएशनची, म्हणजे फरक असूनही माल चालवून घेण्याची, मंजुरी आणली, तर ४५० ची एक ओळ वाढवायची आणि ३०० च्या ओळीत ५०० च्या जागी ४५० लिहायचं. झालं. बदल काय झाला हे तक्त्यात कुणालाही वाचता येतं. दोन चित्रं शेजारी ठेवून फरक शोधायची वेळ येत नाही.

व्हिजिओच्या डेस्कटॉप आवृत्तीत, प्लॅन २ च्या वर्गणीत, डेटा व्हिज्युअलायझर नावाची सोय आहे. ती असाच तक्ता घेते आणि तक्ता बदलल्यावर रिफ्रेश दाबलं की चित्र नव्याने मांडते. तिथे एकाहून जास्त पुढच्या पायऱ्या एकाच खणात स्वल्पविराम देऊन लिहायच्या असतात आणि बाणांवरचे शब्दही त्याच क्रमाने. त्यामुळे बाणावरच्या शब्दात स्वल्पविराम आला की घोटाळा होतो.

वर्गणी नको असेल तर लिहिलेल्या ओळींतून आकृती काढणारं ग्राफविझ घ्या. ते फुकट आहे, विंडोजवर चालतं, आणि त्याची भाषा शिकायला एक दुपार पुरते. सुरुवातीला डायग्राफ हा शब्द आणि महिरपी कंस, आणि कंसाच्या आत अशा ओळी:

"माल आला" -> "चलन जुळवा"
"चलन जुळवा" -> "नमुना तपासा"
"नमुना तपासा" -> "स्टोअरला द्या"
"नमुना तपासा" -> "डेव्हिएशन मंजुरी"

चौकोन कुठे बसवायचा, बाण कुठून न्यायचा हे ते स्वतः ठरवतं. एक्सेलच्या तक्त्याशेजारी आणखी एक स्तंभ घेऊन त्यात सूत्राने अशाच ओळी तयार करून घेता येतात. मग त्या ओळी एका फाइलमध्ये टाकायच्या आणि एक छोटी बॅच फाइल चालवायची. पीएनजी तयार होतो आणि जुन्या पीएनजीवर बसतो. नाव तेच, फोल्डर तोच, म्हणून वर्डला नवं काही सांगावं लागत नाही.

मराठी मजकुरासाठी दोन गोष्टी सांभाळा. ओळींची फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा, आणि फॉन्टचं नाव स्पष्ट द्या. विंडोजमधला निर्मला यूआय किंवा नोटो सान्स देवनागरी चालतो. फॉन्ट सांगितला नाही तर ग्राफविझ इंग्रजी फॉन्ट धरून चौकोनाचं माप काढतं आणि 'मंजुरी' चौकोनाबाहेर डोकावते. पहिल्याच चित्रात 'क्ष', 'त्र', 'र्य' असलेला एखादा शब्द घालून बघा. जोडाक्षरं नीट आली तर पुढे काळजी नाही.

मर्मेड किंवा ड्रॉ-आयओ ही आकृत्या काढायची साधनं वापरणारेही तुमच्याकडे असतील. दोन्ही चांगली आहेत, पण त्यांच्याकडून एसव्हीजी (रेषांच्या रूपात साठवलेल्या चित्राची फाइल) घेऊन वर्डमध्ये टाकाल तर एक अडचण येते. मर्मेडच्या फ्लोचार्टमधली अक्षरं एसव्हीजीच्या आत एचटीएमएल म्हणून बसवलेली असतात आणि वर्डला ती वाचता येत नाहीत, त्यामुळे चौकोन येतात आणि अक्षरं गायब होतात. मर्मेडच्या सेटिंगमध्ये एचटीएमएल लेबल बंद केली की अक्षरं येतात. ड्रॉ-आयओमध्ये तेच कारण, फक्त तिथे चित्राखाली मजकूर एसव्हीजी नसल्याची इंग्रजी सूचना उमटते. तिथे त्या आकारांवरची फॉरमॅटेड टेक्स्ट आणि वर्ड रॅप ही दोन्ही बंद करावी लागतात. किंवा सरळ पीएनजी घ्यावा.

पण नुसतं चित्र ताजं होऊन भागत नाही. तुमच्या एसओपीत फ्लोचार्टखाली त्याच पायऱ्या शब्दांतही लिहिलेल्या असणार: ५.३ नमुना तपासणे, ५.४ नापास माल वेगळा करणे. चित्रात डेव्हिएशनची पायरी आली आणि खालचा परिच्छेद जुनाच राहिला, तर एकाच पानावर दोन वेगळ्या प्रक्रिया दिसतात. सगळं चित्र जुनं असण्यापेक्षा हे वाईट, कारण तपासणाऱ्या माणसाने नेमकं कशाप्रमाणे वागायचं? म्हणून पायऱ्यांचं टेबलही त्याच एक्सेल तक्त्यातून पेस्ट लिंकने आणा. फक्त लिंक केल्यावर ऑल्ट-एफ-९ दाबून बघा. पाथनंतर शीटचं नाव आणि 'ओळ २ स्तंभ १ पासून ओळ १४ स्तंभ ५ पर्यंत' असा पत्ता आर आणि सी या अक्षरांनी लिहिलेला असतो. तक्त्याच्या शेवटी पंधरावी ओळ वाढली तर ती वर्डमध्ये येणारच नाही. एक्सेलमध्ये त्या भागाला नाव द्या, उदाहरणार्थ 'तपासणी_पायऱ्या', आणि फील्डमधल्या पत्त्याच्या जागी ते नाव लिहा. पुढे नवी ओळ घालताना ती नावाच्या आतच घाला, म्हणजे नावाचा भाग आपोआप वाढतो.

पाथबद्दल थोडं. लिंकमध्ये पूर्ण पाथ असतो. तुमच्याकडे सर्व्हर झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेला आहे आणि शेजारच्याकडे वाय म्हणून, तर तुमची लिंक त्याच्याकडे मेलेली. ड्राइव्हचं अक्षर न वापरता दोन उलट्या तिरप्या रेघांनी सुरू होणारा सर्व्हरच्या नावाचा पाथ द्या. फील्डमध्ये हाताने लिहिताना प्रत्येक उलटी रेघ दोनदा लिहावी लागते, हे विसरू नका. नुसतं फाइलचं नाव लिहून सापेक्ष पाथ करण्याचा मोह होतो, पण वर्ड ती फाइल ज्या फोल्डरात शोधतो तो नेहमीच डॉक्युमेंटचा फोल्डर असतो असं नाही. वनड्राइव्हवर ठेवलंत तर पाथमध्ये तुमच्या लॉगिनचं नाव येतं आणि ते इतरांच्या कॉम्प्युटरवर असणार नाही. म्हणून चित्रांसाठी सर्व्हरवर एक स्वतंत्र फोल्डर करा, त्यात लिहिण्याचा अधिकार डॉक्युमेंट कंट्रोल बघणाऱ्या एक-दोघांना द्या आणि बाकीच्यांना फक्त वाचण्याचा.

गोठवण्याचं काम सोपं आहे, पण एक चूक सगळेच करतात. कंट्रोल-शिफ्ट-एफ-९ दाबलं की फील्ड कायमची साध्या मजकुरात बदलतात, हे ऐकून लोक कंट्रोल-ए करून ते दाबतात. त्याने चित्राबरोबर अनुक्रमणिका आणि परिच्छेदांचे संदर्भसुद्धा गोठतात. कामाच्या प्रतीवर हे झालं तर पुढच्या आवृत्तीला सगळं पुन्हा बांधावं लागतं. त्याऐवजी कामाची प्रत ताजी करा, छापून नजरेखालून घाला, तिची पीडीएफ काढा आणि वाटप फक्त पीडीएफचं करा. व्हेंडरला वर्डच हवी असेल तर 'सेव्ह ॲज'ने वेगळी प्रत करा, फाइल मेनूतल्या इन्फोमध्ये उजवीकडे खाली लिंकची यादी उघडा आणि तिथून ब्रेक लिंक करा. चित्र जागेवर राहतं, नातं तुटतं, अनुक्रमणिकेला धक्का लागत नाही.

तुमच्यापैकी कुणी लिबरऑफिस वापरत असेल तर त्याचं काम बरंच हलकं आहे. रायटरमध्ये चित्र घालताना लिंकची खूण करायची. उघडताना लिंक ताज्या करायच्या का, याला तिथे नेहमी, विचारून आणि कधीच नाही असे तीन पर्याय आहेत. शिवाय तो मूळ सेटिंगमध्येच पाथ सापेक्ष ठेवतो, त्यामुळे चित्रं आणि डॉक्युमेंट असलेला अख्खा फोल्डर दुसरीकडे नेला तरी लिंक टिकतात. गूगल डॉक्समध्ये ड्राइव्हवरचं ड्रॉइंग लिंक करून घालता येतं. मूळ बदललं की चित्राच्या कोपऱ्यात अपडेटचं बटण येतं, आणि ते माणसाने दाबावं लागतं. नियंत्रित कागदपत्रांसाठी मला ही पद्धत पटते.

सुरुवात सहा-सात फाइलींपासून करू नका. आलेल्या मालाची एक एसओपी घ्या, तिचा तक्ता लिहा, चित्र काढा, फील्ड घाला. मग दुसऱ्याच्या लॉगिनने, दुसऱ्या कॉम्प्युटरवर ती उघडा. चित्र दिसतं का बघा. तक्त्यात एक पायरी वाढवा, चित्र नव्याने काढा, एफ-९ दाबून नवी पायरी चित्रातही आणि खालच्या टेबलातही आली का बघा. शेवटी तिची पीडीएफ काढा, चित्रांच्या फोल्डरचं नाव तात्पुरतं बदला आणि ती पीडीएफ उघडा. तीत काहीही बदललेलं नसेल, तर बाकीच्या फाइली त्याच साच्यात घ्यायला हरकत नाही. फोल्डरचं नाव मात्र लगेच पूर्ववत करा.